पाठकोऱ्या चिठ्ठ्यांचा सूर

६ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंचा रिपोर्ट चांगला आला! गाठ साधी. साधी, साधी, साधी! तीनदा लिहिलं तरी समाधान होत नाही.

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि आधी स्वतःचा चष्मा पुसला. आमचे हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बसलेले. मग डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही." ह्यांनी जोरात नाक शिंकरलं — डोळ्यांत पाणी आलं की त्यांचं नाक चोंदतं, ही जुनी युक्ती. आणि सासूबाई? त्यांनी माझ्याकडे वळून तोंडात घास घालायची खूण केली. भूक लागली होती! आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलेलो, आणि त्यांना भूक.

अट मात्र कडक आहे. ऑपरेशन स्वरयंत्राचं, सोमवारी झालेलं. तिथून तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही — कुजबुजण्यानं ताण जास्तच पडतो म्हणे, मला नवीनच. चोवीस तारखेला तपासतील, मग तोंड उघडायचं. आवाज पूर्वीसारखा येईल का, विचारलं. "येईल. थोडा बदलेल. बघू." त्या 'बघू'चा सूर मला काही लागला नाही. आणि मी पोरांना सूर ओळखायला शिकवते!

निघताना लहान बॅगेची चेन तुटली. माझ्याच हातून, घाईत. सगळं सामान कापडी पिशवीत कोंबून आणलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाईंना लिहायला कागद हवेत. आपल्या घरात कागदांना काय तोटा! जुन्या प्रश्नपत्रिका, सरावाच्या झेरॉक्स — एक बाजू छापलेली, एक कोरी. पाठकोरे कागद मला फेकवत नाहीत, कपाट उघडलं की हे कपाळाला हात लावतात. आज त्यांचाच उपयोग झाला. एकेकाचे चार तुकडे केले, चिमट्यात अडकवले, पेन्सिल दोऱ्यानं बांधली.

पहिली चिठ्ठी अर्ध्या तासात आली — "पंखा."

वाढवायचा? वाढवला. मान हलली — नाही. बंद केला. मान हलली — नाही. पुसायचा होता! पात्यांवर धूळ दिसली म्हणे.

९ नोव्हेंबर, रविवार

पाप वाटतं लिहायला. पण वही माझी आहे, लिहितेच.

घर किती शांत आहे!

बावीस वर्षं मी ह्या घरात आहे आणि बावीस वर्षांत इतकी शांत सकाळ पाहिली नाही. एरवी डोळे उघडायच्या आधी सुरू. अगं, दूध गेलं बघ. अगं, समोरचे आज लवकर निघालेले दिसतात. अगं, केस असे काय बांधलेस. वाईट काही नसतं हो त्या बोलण्यात! भांडण नाही, टोमणा नाही — असला तरी चिमूटभर. नुसतं बोलणं. बटण नसलेला रेडिओ. मी बेसिनपाशी तोंड धुते, त्या दाराबाहेरून बोलतात. मी पेपर तपासते, त्या मागून वाचतात — "ह्याचं अक्षर बघ गं, कोंबडीचे पाय!"

दुपारी बाल्कनीत बसून ताईला फोन केला. बोलता बोलता तोंडातून गेलं — "सुटल्यासारखं वाटतंय गं. तीन आठवडे नुसती शांतता. मिळाली तर आणखी तीन घेईन." ताई खो खो हसली. मीही हसले.

वळून बघते तर बाल्कनीचं दार अर्धं उघडं! आत पलंगावर सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ऐकलं असेल? चेहरा नेहमीसारखा. मी आत गेले तर चिठ्ठी पुढे केली — "मोजा एकच."

ह्याचा अर्थ काय घ्यायचा? दुसरा मोजा शोधून दिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नववी ब. पाठ — लेखनातला सूर आणि भाव.

सूर म्हणजे लिहिणाऱ्याचा रोख. भाव म्हणजे वाचताना आपल्या मनात जे उतरतं ते. गेल्या आठवड्यात शिकवलं, फळ्यावर लिहिलं, वह्यांत उतरवून घेतलं. चाचणीत पाच उतारे दिले. छत्तीसपैकी एकतीस पोरांनी पाचही ठिकाणी लिहिलं — दुःखी. एक उतारा पाण्याच्या टाक्या धुण्याची सूचना होती. "बुधवारी पाणी येणार नाही, आदल्या दिवशी भरून ठेवावे." सूर — दुःखी! का रे बाबा? "पाणी येणार नाही ना, बाई."

त्यांची चूक नाही. परीक्षेत दुःखी लिहिलं की निम्मे गुण कुठेतरी मिळतातच, हे त्यांना पाठ झालंय. सूर ऐकायचा असतो हेच कुणी सांगितलं नाही. मीही फळ्यावर व्याख्या लिहून मोकळी झाले!

'तू आलास.' एवढंच वाक्य घेतलं. प्रत्येकानं वेगळं म्हणून दाखवायचं. कुणी आनंदानं, कुणी वैतागून, कुणी घाबरून. पहिल्या बाकावरच्या उंच मुलानं असं म्हटलं की पोलीस आल्यासारखं वाटलं. वर्ग हसून लोळला. मग मी विचारलं, कागदावर हे कसं ओळखाल? तिथे तर आवाज नाही!

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. हिला मी मनातल्या मनात वकीलीणबाई म्हणते, कारण ती नुसतं उत्तर देत नाही, बाजू मांडते. म्हणाली, "बाई, आजूबाजूला पुरावा असणार."

शाब्बास! पुढच्या तासाला हाच धागा धरायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दूध उतू गेलं. ओरडायला कुणी नाही ना! त्यांनी दिसताक्षणी ताटलीवर चमचा वाजवला, पण मी शाळेच्या घंटेसारखा तो ऐकून सोडून दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजच्या चिठ्ठ्या —

"मीठ कमी."

"तुझं तू बघ."

"दार."

"जेव तू."

ह्यात राग आहे का? बोलत्या असत्या तर 'मीठ कमी'च्या पुढेमागे केवढं तरी आलं असतं. अगं, मीठ जरा कमी वाटतंय का गं, की माझ्याच तोंडाला चव नाही, तू बघ बाई खाऊन. आता नुसतं — मीठ कमी. पुढचं-मागचं सगळं सोलून फेकलेलं.

आणि 'तुझं तू बघ'? मी विचारलं होतं, आई, तुमच्यासाठी थांबू का शाळेत जाऊ. उत्तर — तुझं तू बघ. दिवसभर डोक्यात तेच.

ह्यांना दाखवली चिठ्ठी. "आई आहे ती. लिहायचा कंटाळा. तू एका ओळीचा निबंध करतेस." हे चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना दिवसभर 'आता कसं दिसतंय' विचारतात, घरी मात्र ह्यांना काही दिसत नाही!

मी दर अर्ध्या तासानं आत डोकावते. आई, बरं आहे ना? पाणी हवंय? उशी नीट करू? त्या मान हलवतात. तेवढंच. रविवारचा फोन ऐकला असणार. नक्की ऐकला असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

युक्ती सुचली, आणि सुचली ती सासूबाईंच्याच चिठ्ठ्यांवरून.

डब्यात चिठ्ठ्या ठेवायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर कुणीतरी कुणालातरी लिहिलेला दोन-तीन ओळींचा निरोप. एकानं उचलायची, सपाट आवाजात वाचायची. मग वर्गानं शोधायचं — कोणते शब्द निवडलेत? काय लिहायचं टाळलंय? कोण कुणाला लिहितंय? आणि शेवटी सूर. पुराव्याशिवाय सूर सांगायचा नाही. 'दुःखी' शब्दाला एका तासाची बंदी!

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी मी पाठ बघायला बसते." आमच्या मोठ्या बाई पाठ बघायला बसल्या की शेवटच्या बाकावर वही उघडून काहीतरी लिहीत राहतात. काय लिहितात ते कुणालाच कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चाळीस चिठ्ठ्या झाल्या. अर्थात पाठकोऱ्या कागदांच्या! स्वयंपाकघरातलं टेबल नुसतं तुकड्यांनी भरलेलं. सासूबाई समोर बसून बघत होत्या. मी भाजी चिरायला उठले, परत आले, सगळे तुकडे दोन्ही हातांनी गोळा करून बिस्किटांच्या डब्यात भरले. उद्याची तयारी पूर्ण.

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्रमानं लिहिते.

चौथा तास. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर. सुरुवात झकास झाली. पहिली चिठ्ठी — 'छत्री परत केलीस तर बरं होईल. पाऊस नाही, तरीही.' पोरांनी बरोब्बर पकडलं, वरून नम्र, आतून धुसफूस. पुरावा — 'तरीही.' मला तर पंख फुटले. दुसरी, तिसरी, चौथी. हात वर, हात वर! 'दुःखी' कुणी म्हणालं नाही.

मग उंच मुलाचा नंबर. त्यानं चिठ्ठी उचलली आणि म्हणाला, "बाई, ही पेन्सिलनं लिहिलीय."

माझ्या सगळ्या चिठ्ठ्या पेनाच्या.

मी पुढे व्हायच्या आत त्यानं वाचून टाकली. सपाट आवाजात, मी शिकवलं होतं तसं — "मी परवा धाकट्याकडे जाते. त्याला कळवलंय. इथे तुमचं नीट चाललंय."

काल संध्याकाळी मी भाजी चिरायला उठले तेव्हा त्यांनी ही टेबलावर माझ्यासाठी ठेवली असणार. आणि मी ती गोळा करून डब्यात भरली! वाचलीच नाही!

चिठ्ठी काढून घ्यावी तर मोठ्या बाई बघतायत. उंच मुलगा मला दाखवत म्हणाला, "आणि शेवटी 'तू' लिहून खोडलंय, बाई."

वर्ग तुटून पडला.

उंच मुलगा — "चिडलीय ती. 'कळवलंय' म्हणजे विचारलेलं नाही. परस्पर ठरवलंय."

खिडकीपाशी बसणारी चष्मेवाली — "किती दिवस ते लिहिलेलंच नाही. म्हणजे परत यायचं नाहीये."

मी टेबलाची कड धरली. कुणालातरी विचारायचं म्हणून वकीलीणबाईंकडे बघितलं. ती सावकाश उठली.

"राग नाही, बाई. 'तुमचं नीट चाललंय.' हे तिला कुणी विचारलंय का? नाही. न विचारता जो असं म्हणतो ना, त्याला उलटं ऐकायचं असतं. नाही हो, तुमच्याशिवाय कसलं नीट, असं. आणि ते 'तू' — पुढचं लिहवलं नाही तिला. ती वाट बघतेय, कुणीतरी थांबवेल म्हणून."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला त्या क्षणी शांततेचा इतका राग आला!

सूर काय, असं फळ्यावर लिहायचं होतं. मी खडू घेऊन नुसती उभी. घंटा झाली. मोठ्या बाई पुढे आल्या. मी म्हटलं, "बाई, अर्धी रजा हवीय. घरी." त्यांनी माझ्या हातातली ती पेन्सिलची चिठ्ठी बघितली, आणि फक्त "निघा" म्हणाल्या.

घरी आले. सासूबाईंच्या पलंगावर मोठी बॅग उघडी! ती मोठी, निळी, महिनाभराची बॅग. कपडे नीट रचलेले. दरवर्षी उन्हाळ्यात त्या धाकट्याकडे, म्हणजे माझ्या दिरांकडे जातात, तेव्हा बॅग मीच भरून देते — आणि चटचट भरून देते, हेही खरं. आज त्यांनी स्वतः भरली होती.

मी चपला न काढताच आत गेले. म्हटलं, "आई, तुम्ही ऐकलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पॅड ओढलं, लिहिलं — "काय?"

बास! त्या एका शब्दानं माझा धीर सुटला. म्हणजे मी माझ्या तोंडानं बोलायला हवं, असंच ना? बोलले. सगळं बोलले. ताईचा फोन, सुटल्यासारखं वाटतंय म्हटलेलं, आणखी तीन आठवडे घेईन म्हटलेलं, त्यावर हसलेलं. काही लपवलं नाही. म्हटलं, "चार दिवस बरं वाटलं, आई. खोटं नाही बोलणार. पण मग कंटाळा आला. समोरचे कधी निघाले कळत नाही. दूध उतू जातं. पेपर तपासताना कोंबडीचे पाय दिसले तर दाखवायला मागे कुणी नसतं. मला नाही आवडत ही शांतता. जाऊ नका. राहा ना इथेच."

आणि मग मी पलंगावर, बॅगेशेजारी बसून रडले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पायात चपला!

सासूबाई खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पेन्सिल घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी लिहिलं — "बरं."

आणि बॅगेतून एक एक कपडा काढून कपाटात ठेवायला लागल्या. मी उठले तर हातानं थांबवलं, पायांकडे बोट दाखवलं. चपला!

संध्याकाळी ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? "म्हणजे काय! धाकट्याला फोन मीच केला. तुला लिहून ठेवलंय असं तिनं सांगितलं. मला वाटलं तुला ठाऊक आहे." मग नाक शिंकरलं. ह्यांना सर्दी वगैरे काही झालेली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दीर गाडी घेऊन आले. खोली आवरून ठेवली होती म्हणे, नवीन चादरही घातली होती. सासूबाईंनी चिठ्ठी दिली — "आत्ता नको." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, काय जादू केलीत?" मी काय सांगणार! चहा दिला. भाऊ-भाऊ गप्पा मारत बसले, आई दोघांच्या मध्ये. जाताना दिरांनी आईला टीव्हीबद्दल काहीतरी चिडवलं, सासूबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

त्या राहिल्या. आज इतकं हलकं वाटतंय की पायऱ्या दोन-दोन चढले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

"मीठ बरोबर." — एवढीच चिठ्ठी. मी ती वहीत ठेवून दिलीय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्गात पाऊल टाकलं तर छत्तीस तोंडं एकदम — "बाई, ती गेली का?"

कोण ती? "पेन्सिलवाली!"

कार्टी भलती हुशार! खोटं सांगायचं जिवावर आलं. म्हटलं, "नाही गेली. कुणीतरी थांबवलं." वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर डोकावून गेले. वकीलीणबाई उभी राहिली, चारी बाजूंनी बघून घेतलं आणि म्हणाली, "पुरावा होता, बाई!" मी तिला बस म्हटलं, पण हसू लपलं नाही.

आज नवे उतारे दिले. गाडीच्या वेळापत्रकाचा सूर 'कोरडा' असं एकोणतीस जणांनी लिहिलं! एकोणतीस! एकानं 'दुःखी' लिहून खोडलंय. चालेल. खोडायला शिकला.

मोठ्या बाईंनी पाठाच्या नोंदवहीत लिहिलेलं आज बघायला मिळालं. 'पाठ उत्तम. शिक्षिकेनं एका चिठ्ठीचं उत्तर फळ्यावर लिहिलं नाही. ते बरं केलं.'

शिक्षकखोलीत सगळ्यांना वाचून दाखवावंसं वाटलं. नाही दाखवलं. इथे लिहिलं, पुरे.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या तपासणी. ह्यांनी तीनदा गाडीत पेट्रोल आहे का बघितलं. मी अर्ध्या तासाला न विचारता एका तासाला विचारतेय, तेवढीच प्रगती. सासूबाई निवांत झोपल्यात.

आवाज नाहीच आला तर? हे फक्त इथे लिहितेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आला! आवाज आला!

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, म्हणाले, जखम छान भरलीय. "आजी, हळूच 'आ' म्हणा." सासूबाईंनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा. ह्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. परत एकदा — आणि आला. खालचा, जाडसर, बिजागरीला तेल हवंय तसा. पण आवाज! डॉक्टर म्हणाले, "आता एखादं वाक्य बोला."

सासूबाई बोलल्या, "तुमच्या बाहेरच्या खोलीतलं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे. तीन आठवडे सांगायचं होतं."

डॉक्टर हसले, नर्स हसली, हे हसता हसता नाक शिंकरायला बाहेर गेले. मी तिथेच डोळे पुसले. लपवायचं काय त्यात?

आज दहा वाक्यं. उद्यापासून दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं. ओरडायचं अजिबात नाही. घरी येताना गाडीत त्यांनी बोटांवर मोजून उरलेली वाक्यं वापरली. दोन समोरच्यांबद्दल होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळची पंधरा मिनिटं. मी दूध गॅसवर ठेवलं होतं. गंमत म्हणून जमवलेल्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "आई, आता ज्या सुरात लिहिल्या होत्या त्या सुरात वाचा."

'तुझं तू बघ' त्यांनी इतक्या मायेनं वाचलं की मी बघतच राहिले. मग पेन्सिलवाली आली. ती त्यांनी वाचली ती चक्क खुशीत! सहलीला निघाल्यासारखी.

"आई, हे असं?"

"मग कसं? चारच दिवस जाणार होते. तू दर अर्ध्या तासाला बरं आहे ना, बरं आहे ना! मान हलवून हलवून मान आखडली माझी. म्हटलं, धाकट्याकडे जाऊन मोठ्या टीव्हीसमोर निवांत बसावं."

"पण ती एवढी मोठी बॅग?"

"लहानीची चेन तूच तोडलीस ना?"

"आणि ते खोडलेलं 'तू'?"

"तू माझी चादर धुऊ नकोस, लिहिणार होते. कागद संपला."

"मग माझा फोन…? तुम्ही 'काय?' असं लिहिलंत…"

"अगं, मला खरंच कळेना कशाबद्दल बोलतेस! मी काहीच ऐकलं नव्हतं. तूच घडाघडा सगळं सांगितलंस."

देवा! छत्तीस पोरं चुकली, वकीलीणबाई चुकली, आणि सगळ्यांत जास्त मी. मी विचारलं, "मग राहिलात कशाला? जायचं होतं तर?"

त्या चिठ्ठ्यांचे कोपरे नीट जुळवत बसल्या. मग त्या जाड, नव्या आवाजात हळूच म्हणाल्या, "तू राहा म्हणालीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं. काही दिसेना, काही सुचेना. आणि डॉक्टरांनी ओरडायला सक्त मनाई केलेली असताना त्या ओरडल्या —

"अगं, दूध गेलं बघ!"